दुसऱ्या वहीचे पहिले पान

दिवाळीला पेढीवर नवी वही उघडली जाते. पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागितली जाते. त्यानंतर नोंद होते ती जुन्या वहीतून पुढे ओढलेल्या बाकीची. नवी वही म्हणजे कोरी वही नव्हे, हे व्यापारी घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. संसाराच्या बाबतीत मात्र हीच घरे निराळा न्याय लावतात. पहिला विवाह मोडला किंवा जोडीदार अकाली गेला की वही कायमची मिटली, असे धरले जाते. कोणी दुसरी उघडू पाहिलीच तर पहिली जणू कधी नव्हतीच, असा आव आणला जातो. दोन्ही रीतींत हिशेब चुकतो आणि त्याची किंमत घरातील एक माणूस आयुष्यभर भरत राहते.

या नाजूक विषयावर मराठीत एक प्रसन्न चित्रपट आहे. सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘प्रेमाची गोष्ट’ २०१३ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. त्याचा नायक राम सुब्रमण्यम (अतुल कुलकर्णी) हा चित्रपटांच्या कथा लिहिणारा गृहस्थ आहे. नायिका सोनल (सागरिका घाटगे) ही वयाने त्याच्याहून लहान, पण संसाराचे चटके खाऊन बसलेली आहे. दोघांची भेट होते ती विवाह समुपदेशकाच्या कचेरीत. रामचा विवाहसंस्थेवरील विश्वास अजून शाबूत आहे आणि दुरावलेली पत्नी परत येईल, ही आशा त्याने सोडलेली नाही. सोनलचा त्या संस्थेवरील विश्वास पार उडाला आहे. पुढे ती त्याच्या लेखनकामात साहाय्यक म्हणून रुजू होते आणि दोन थकलेली मने हळूहळू एकमेकांशी बोलू लागतात.

चित्रपटात मारामारी नाही, पळून जाणे नाही, खलनायक नाही. राजवाडे यांच्या आधीच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) या चित्रपटातही एक तरुण आणि एक तरुणी दिवसभर केवळ बोलत राहतात. येथेही गंमत संवादातच आहे. पडद्यासाठी गोष्टी जुळवणाऱ्या लेखकाला स्वतःच्या घरातील गोष्ट जुळवता येत नाही, हा त्यातील पहिला विनोद. विवाहावर विश्वास असलेला आणि नसलेली, दोघेही एकाच कचेरीच्या बाकावर येऊन बसतात, हा दुसरा. तरुणांच्या प्रेमकथेत अडथळे बहुधा बाहेरचे असतात: वडिलांचा विरोध, जात, पैसा. दुसऱ्यांदा प्रेमात पडणाऱ्यांचा अडथळा स्वतःच्या मनात बसलेला असतो. ‘आपले एकदा चुकले, पुन्हा चुकणार नाही कशावरून?’ हा प्रश्न घेऊनच ती माणसे समोरच्याकडे पाहतात. अनेकान्ताची शिकवण लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला त्या दोघांच्या परस्परविरोधी मतांत आपापल्या जागी असलेले सत्य सहज दिसेल.

हसण्यातून सुटणारी गाठ

असा विषय विनोदाच्या अंगाने मांडण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत १९३७ ते १९४० या काळात ‘द ऑफुल ट्रुथ’, ‘हिज गर्ल फ्रायडे’ आणि ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ हे चित्रपट आले. तिन्हींत केरी ग्रँट हा नट होता आणि तिन्हींत विभक्त झालेली जोडपी भांडत-हसत पुन्हा एकमेकांकडे परततात. मोडलेले घर तेच पुन्हा उभे राहावे, ही प्रेक्षकाची इच्छा त्यात पुरी होते.

आपल्याकडे बासू चॅटर्जी यांच्या ‘खट्टा मीठा’ (१९७८) या चित्रपटाने पुढचे पाऊल टाकले. मुंबईतील पारशी विधुर होमी मिस्त्री (अशोक कुमार) यांना चार मुलगे. विधवा नर्गिस सेठना (पर्ल पदमसी) यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. उतारवयाकडे झुकलेले हे दोघे विवाह करतात आणि सात मुले एका छपराखाली येतात. मूळ कल्पना १९६८ च्या एका अमेरिकन चित्रपटाची असली, तरी घर अस्सल मुंबईचे आहे. खोल्या अपुऱ्या, स्वभाव वेगळे, प्रत्येकाला आपलीच आई किंवा आपलेच वडील हवे. प्रेक्षक हसतो, कारण त्याला आपलेच घर दिसते.

गंभीर नाटकाने जे साधत नाही ते असा विनोद साधतो. घटस्फोटित मुलीचा विषय दिवाणखान्यात निघाला की आवाज खाली जातात, कोणीतरी उठून पाणी आणायला जाते. तोच विषय पडद्यावर हसत-खेळत आला, तर आजी, सून आणि नात एकत्र बसून तो पाहतात. हसल्यानंतर मनाची गाठ थोडी सैल होते आणि मग घरातील खरा प्रश्न बोलता येतो.

मुंबईतील एक आई आणि एक मुलगी

दुःखी विवाह आणि दुसरा संसार यांचा सर्वांत बोलका इतिहास याच शहराच्या एका घरात घडला. जयंतीबाई या तरुणपणीच विधवा झाल्या. त्यांची एक लहान मुलगी होती, रखमाबाई. पुढे जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर डॉक्टरांशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार होते आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. जयंतीबाई ज्या सुतार समाजातील होत्या, त्यात विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता होती. विवाहापूर्वी त्यांनी एक व्यवहारी गोष्ट केली: पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावावर केली. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विवाहाची मुभा दिली होती, परंतु पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला होता. जयंतीबाईंनी ही बाजू आधीच मिटवली.

मुलीच्या वाट्याला मात्र निराळे आले. रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या आणि समजत्या वयात त्यांनी पतीकडे जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये हुकूम झाला: पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. त्यांनी दुसरा विवाह केला नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा ज्या पतीबरोबर एक दिवसही संसार केला नव्हता, त्याच्या नावाने त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली.

आईला दुसरा संसार मिळाला आणि त्या संसारातील सावत्र वडील मुलीच्या शिक्षणामागे उभे राहिले. मुलीला नको असलेल्या विवाहातून कायद्याने सुटता आले नाही. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी निवर्तल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अस्तित्वात आला होता.

१८९३ मध्ये पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी असेच पाऊल उचलले. ते विधुर होते. मित्र नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण गोदूबाई यांच्याशी त्यांनी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या. कोकणातील मुरूड या कर्व्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे याच गृहस्थांना देशाने भारतरत्न दिले.

भाषा काय सांगते

मराठीत पुनर्विवाह करणाऱ्या पुरुषाला ‘बिजवर’ म्हणतात आणि त्याचे लग्न लग्नच राहते. स्त्रीच्या बाबतीत जुन्या समाजाने शब्दच बदलला: ‘पाट’ किंवा ‘म्होतूर’. गुजरातीत त्याला ‘नातरुं’ म्हणतात. विधी उणा, वेळ रात्रीची, पाहुणे मोजके. शब्दातच पायरी ठरवून दिलेली होती.

जैन समाजातही सर्वत्र एकच रीत कधी नव्हती. कोल्हापूरचे समाजशास्त्रज्ञ डॉ. विलास संगवे यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जैन समाजाचे सामाजिक सर्वेक्षण मांडले. दक्षिण महाराष्ट्रातील चतुर्थ, पंचम अशा शेतीवर जगणाऱ्या जैन समाजांत विधवेच्या पुनर्विवाहाला पूर्वापार जागा होती. व्यापारी वर्गांत ती नव्हती. ब्रह्मचारी शीतलप्रसादजी यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विधवा विवाहाचा उघड पुरस्कार केला, तेव्हा त्यांना समाजातूनच तीव्र विरोध झाला. म्हणजे हा प्रश्न बाहेरून आलेला नाही. तो समाजाच्या अंगणात शंभर वर्षांपासून बसलेला आहे.

कायद्याने खुली केलेली वाट

मुंबई प्रांताने १९४७ मध्येच हिंदू घटस्फोटाचा स्वतंत्र कायदा केला होता. १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद आली. पती-पत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असतील, तर दोघे मिळून अर्ज करू शकतात. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबण्याची अट आहे; योग्य प्रकरणी ती शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले.

मुंबईचे कुटुंब न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. दहिसरहून निघणाऱ्याला लोकलने वांद्रे गाठता येते आणि तेथून पुढे बस किंवा रिक्षा. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तेथे समुपदेशकांचीही योजना केली आहे. ‘प्रेमाची गोष्ट’मधील कचेरी म्हणूनच कल्पनेतली वाटत नाही. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे घटस्फोटाची पहिली पायरी, असा गैरसमज व्यापारी घरांत आहे. तुटणारे नाते वाचत असेल तर तेथे वाचते, आणि वाचत नसेल तर कटुता कमी ठेवून वेगळे होण्याचा मार्ग तेथेच सापडतो.

दुसऱ्या घराचा हिशेब

चित्रपट जेथे संपतो तेथून कागदपत्रे सुरू होतात. दुसऱ्या विवाहातील बहुतेक भांडणे प्रेमाअभावी होत नाहीत. ती जुनी बाकी न मांडल्यामुळे होतात.

पहिली गोष्ट नामनिर्देशनाची. घटस्फोट झाला म्हणून बँकेतील ठेव, विमा किंवा समभाग यांवरील पहिल्या जोडीदाराचे नाव आपोआप निघत नाही. ते अर्ज देऊनच बदलावे लागते. शिवाय बँक ठेव किंवा समभाग यांवरील नामनिर्देशित व्यक्ती ही ते स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. दोन्ही विवाहांतील मुले असलेल्या घरांना ही सोय उपयोगाची आहे.

दुसरी गोष्ट मृत्युपत्राची. हिंदू आणि जैन व्यक्तीचे जुने मृत्युपत्र नव्या विवाहाने किंवा घटस्फोटाने आपोआप रद्द होत नाही. दहा वर्षांपूर्वी पहिल्या पत्नीच्या नावे सदनिका लिहून ठेवली असेल, तर तो कागद जिवंत आहे. त्याचबरोबर, १९५६ च्या वारसा कायद्यात सावत्र मूल हे स्वतःच्या मुलासारखे थेट वारस होत नाही. नव्या पत्नीच्या मुलीला पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले, तरी तिच्यासाठी काही ठेवायचे असेल तर मृत्युपत्र करावे किंवा कायदेशीर दत्तकविधान करावे. मायेला कागदाची जोड नसेल, तर ती वारसांच्या भांडणात टिकत नाही.

तिसरी गोष्ट विधवा सुनेची. पुनर्विवाह केल्यास तिला पहिल्या पतीचा वाटा परत करावा लागतो, असे अनेक घरांत आजही मानले जाते. तो जयंतीबाईंच्या काळातला नियम होता. १९५६ च्या कायद्याने विधवेला मिळालेला वारसा तिच्या पूर्ण मालकीचा असतो, आणि नंतर केलेल्या विवाहाने तो जात नाही. १८५६ चा जुना कायदा १९८३ मध्ये रद्दही झाला. वाटा जाईल या भीतीने सुनेला, किंवा वाटा हातून निसटेल या भीतीने सासरच्यांनी, तिचे आयुष्य थांबवून ठेवू नये.

चौथी गोष्ट पेढीची. व्यापारी घरांत सून ही भागीदार असते, कॅश क्रेडिट खात्याला जामीनदार असते आणि लॉकरवर तिची सही असते. न्यायालयाच्या हुकुमाने विवाह संपतो, जामीन संपत नाही. बँकेला लेखी कळवून, पर्यायी जामीनदार देऊन आणि मुक्त केल्याचे बँकेचे पत्र हाती घेऊनच ती जबाबदारी उतरते. भागीदारीतून निवृत्त होण्याचा दस्तही वेळेवर करावा. स्त्रीधन हे स्त्रीचेच असते. त्याची यादी करून ते तिच्या हाती द्यावे. ही कामे राहिली तर नव्या संसाराच्या दारात जुन्या कर्जाची नोटीस येऊन उभी राहते.

पाचवी गोष्ट मुलांची. आईने दुसरा विवाह केला एवढ्या एकाच कारणाने मुलाचा ताबा तिच्याकडून जात नाही. न्यायालय मुलाचे हित पाहते. पत्नीने पुनर्विवाह केल्यावर तिची पोटगी बदलण्याचा किंवा थांबवण्याचा अर्ज होऊ शकतो, पण मुलांची जबाबदारी वडिलांवर राहतेच.

हे सारे साखरपुड्याआधी बोलावे की नंतर, असा प्रश्न पडतो. पहिल्या विवाहात दागिन्यांची बोलणी ठामपणे करणारी मंडळी दुसऱ्या विवाहात हा विषय काढणे अशुभ मानतात. खरे तर दोघेही संसाराचा अनुभव घेतलेले असतात. चार पानांची टिपणे समोर ठेवून एक संध्याकाळ दोघांनी बसावे. त्या संध्याकाळी जो माणूस चिडत नाही, लपवत नाही आणि समोरच्याच्या मुलाचा विचार आधी करतो, तो जोडीदार म्हणून पारखला गेला असे समजावे.

घरच्या मंडळींचे काम

दहिसर हे मुंबईचे उत्तरेकडील शेवटचे उपनगर. सकाळी दुकानासाठी भुलेश्वर किंवा मंगलदास मार्केट गाठायचे आणि रात्री परतायचे, असा तेथील अनेक व्यापारी घरांचा दिनक्रम आहे. आनंदनगर काय किंवा कांदरपाडा काय, इमारतीत सारे एकमेकांना ओळखतात आणि देरासरात रोज गाठ पडते. ही ओळख सुखात आधार देते आणि मोडलेल्या विवाहात ओझे होते. माहेरी परतलेली मुलगी पूजेला जाण्याची वेळ बदलते. ‘सध्या इकडेच का?’ हा साधा प्रश्नही तिला नको असतो. चाळिशीतला विधुर मुलगा दुकानात उशिरापर्यंत बसतो, कारण घरी जेवण वाढणारी आई दर रात्री तोच विषय काढते.

वडीलधाऱ्यांना येथे तीन गोष्टी करता येतील. पहिली, घाई न करणे. मोडलेल्या विवाहानंतर ‘लवकर दुसरे उरकून टाकू’ म्हणणारे घर पहिल्या वेळची घाईच पुन्हा करते. राम आणि सोनल यांच्या गोष्टीतही ओळख कामातून, बोलण्यातून, सावकाश वाढते. कोणी त्यांना पुढे ढकलत नाही. दुसरी, माहिती न लपवणे. घटस्फोटाचा हुकूम, मूल, आजार, कर्ज यांतील एकही गोष्ट नंतर कळली, तर विश्वास पहिल्याच महिन्यात जातो. तिसरी, पहिल्या जोडीदाराची निंदा थांबवणे. संवत्सरीला जगाला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणाऱ्या घरात जुन्या सुनेचे किंवा जावयाचे नाव वर्षभर कडवटपणे घेतले जाऊ नये. ती व्यक्ती कोणा नातवाची आई किंवा वडील असते. क्षमा केल्याने पहिला विवाह बरोबर होता असे ठरत नाही. एवढेच होते की त्याची कटुता नव्या माणसाच्या ताटात पडत नाही.

मुलांनाही वेळ द्यावा. आईच्या नव्या पतीला पहिल्याच दिवशी ‘पप्पा’ म्हणण्याची सक्ती करू नये. ‘काका’ या शब्दात पुरेशी जागा आहे. पुढचा शब्द मूल स्वतः शोधते. दिवंगत आईचे छायाचित्र भिंतीवरून उतरवण्याची मागणी नव्या सुनेने करू नये, आणि रोज त्या छायाचित्राशी तिची तुलना घरानेही करू नये.

उतारवयातील एकटेपणाचा विचारही यातच येतो. २००१ च्या भूकंपात गुजरातमध्ये अनेकांचे जोडीदार गेले. त्यानंतर अहमदाबादच्या नटुभाई पटेल यांनी पुनर्विवाहेच्छूंसाठी आणि पुढे ज्येष्ठांसाठीही मेळावे भरवण्याचे काम सुरू केले. साठीनंतर माणसाला सहसा सोबत हवी असते: सकाळचा चहा, औषधाची आठवण, प्रवचनाहून परतताना बोलायला कोणी. मुले सुरत, पुणे किंवा परदेशात स्थिरावलेली असताना त्यांनी वडिलांच्या किंवा आईच्या या इच्छेची थट्टा करू नये. मालमत्तेची भीती वाटत असेल, तर वर सांगितलेली टिपणे त्यांनीच पुढाकार घेऊन करून द्यावीत.

राहता राहिला समारंभ. आजही बहुतेक दुसरे विवाह आडवारी, सकाळी, दहा माणसांत, नोंदणी कचेरीत किंवा दूरच्या तीर्थावर उरकले जातात. साधेपणा चांगलाच, पण तो लाजेपोटी असू नये. चातुर्मास संपल्यावर चांगला दिवस पाहावा, दोन्ही घरांची नावे घालून पत्रिका छापावी आणि शेजारच्या काकींपासून पेढीवरच्या मुनीमांपर्यंत सर्वांना ती हातात द्यावी. ज्यांनी घटस्फोटाच्या वेळी प्रश्न विचारले, त्यांनाही बोलवावे. मुलांना पुढे बसवावे. आणि सूर्यास्तापूर्वी सर्वांना एका पंगतीत जेवू घालावे.